मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर: कोकणातून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलगा जर्सीला, मुलगी क्वीन्समध्ये आणि आई-वडील कुडाळला किंवा चिपळूणला, अशी घरं आता कोकणात गावोगाव आहेत. तिकीट काढायची वेळ आली की अंतर, तास आणि थांबे यांबद्दल तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. आकडे जवळच्या पाच-दहा किलोमीटरपर्यंत पूर्ण केलेले आहेत.

मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने नेमकं किती किलोमीटर?

सहारचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ (कोड बीओएम) ते न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ (कोड जेएफके) हे अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर आहे. मैलांत ७,८०० आणि सागरी मैलांत ६,७७५ च्या आसपास. पृथ्वीच्या पाठीवरून मोजलेलं हे सर्वांत जवळचं अंतर झालं. प्रत्यक्षात विमान इतकंच कधी उडत नाही, शे-दोनशे ते पाचशे किलोमीटर जास्तच उडतं.

प्रत्येक साइटवर वेगळा आकडा का दिसतो?

१२,५३० आणि १२,५५० हे दोन्ही बरोबर. पहिला आकडा पृथ्वी अगदी गोल धरून (त्रिज्या ६,३७१ किमी) काढलेला असतो, दुसरा ती ध्रुवांकडे किंचित चपटी धरून. विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किमी आणि ध्रुवाशी ६,३५७ किमी, त्यामुळे एवढ्या लांबच्या अंतरात वीसेक किलोमीटरचा फरक पडतो. काही साइट विमानतळ सोडून शहराच्या मध्यापासून मोजतात, तिथे आणखी थोडं इकडे-तिकडे.

पण १०,९०० दिसलं तर समजा की कोणीतरी सागरी मैलांना साधे मैल समजून किलोमीटर केले आहेत. १४,४४० दिसलं तर उलटी चूक, म्हणजे साध्या मैलांना १.८५२ ने गुणलं आहे. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. वैमानिक आणि खलाशी सागरी मैल वापरतात, तिकिटाच्या साइटवर बहुधा साधे मैल असतात.

हे अंतर घरी स्वतः काढता येईल का?

येईल. मोबाइलमधलं सायंटिफिक कॅल्क्युलेटर पुरतं. आधी ते अंशांवर लावा. ते रेडियनवर राहिलं तर पुढचं सगळं वाया जातं.

मुंबई विमानतळ: अक्षांश १९.०८८७ उत्तर, रेखांश ७२.८६७९ पूर्व. जेएफके: अक्षांश ४०.६३९८ उत्तर, रेखांश ७३.७७८९ पश्चिम.

पहिली पायरी: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार. ०.३२७० गुणिले ०.६५१३ म्हणजे ०.२१३०.

दुसरी पायरी: दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार, ०.९४५० गुणिले ०.७५८८ म्हणजे ०.७१७१. त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणा. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला म्हणून इथे फरक म्हणजे बेरीज: १४६.६४६८ अंश. त्याचा कोसाइन उणे ०.८३५३. गुणाकार उणे ०.५९९०.

तिसरी पायरी: दोन्हींची बेरीज, उणे ०.३८६०. याचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹) काढला की ११२.७ अंश येतात. एका अंशाला १११.१९५ किलोमीटर, म्हणून १२,५३२ किलोमीटर. चपटेपणाचे अठरा-वीस किलोमीटर वर धरले की १२,५५०.

बहुतेकांची चूक दुसऱ्या पायरीत होते. मुंबईचा रेखांश ७२.८७ आणि न्यूयॉर्कचा ७३.७८, आकडे जवळजवळ सारखेच. पश्चिमेचं उणे चिन्ह लावायचं राहिलं की कॅल्क्युलेटरला वाटतं, न्यूयॉर्क मुंबईच्या बरोबर उत्तरेला कुठेतरी आहे, आणि उत्तर येतं २,४०० किलोमीटर. मोपाहून (उत्तर गोव्यातला विमानतळ) मोजताना तर जास्तच गंमत होते, कारण तिथला रेखांश ७३.८६ पूर्व आहे.

गणित नको असेल तर मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावरचा पृथ्वीगोल घ्या. मुंबईवर दोऱ्याचं टोक दाबा, न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरा, तेवढ्या लांबीवर खूण करा. मग तोच दोरा विषुववृत्ताभोवती मोजा. पूर्ण फेरा ४०,०७५ किलोमीटरचा, त्यावरून त्रैराशिक. लहान गोलावर शे-दोनशे किलोमीटर चुकतील, पण दोरा कुठल्या देशांवरून जातो ते डोळ्यांना दिसेल, आणि पुढचा प्रश्न पडणारच नाही.

न्यूयॉर्क पश्चिमेला आहे, मग विमान उत्तरेला का जातं?

भिंतीवरचा नकाशा सपाट असतो, पृथ्वी नसते. गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता महावर्तुळावरून, म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन अर्ध करणाऱ्या वर्तुळावरून जातो आणि सपाट नकाशावर तो वर उचललेल्या कमानीसारखा दिसतो. मुंबईहून न्यूयॉर्कसाठी पहिली दिशा निघते ३३३ अंश, म्हणजे थेट उत्तरेपासून पश्चिमेकडे जेमतेम २७ अंश.

ती रेघ पुढे कुठून जाते ते बघण्यासारखं आहे: कच्छ, सिंध, कंदाहार, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानची पश्चिम कड, मॉस्को, फिनलंडचं आखात, स्वीडन-नॉर्वे. फॅरो बेटांच्या उत्तरेला ती सर्वांत वरच्या टोकाला पोचते, अक्षांश ६४.७. तिथून आइसलँडची नैर्ऋत्य किनार, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडाचा लॅब्राडोर, मेन राज्य आणि न्यूयॉर्क. अटलांटिक महासागर जिथे रुंद आहे तिथे ती जातच नाही.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून मुंबई-न्यूयॉर्क सरळ रेघ मारली आणि होकायंत्राची एकच दिशा धरून गेलो, तर १४,२०० किलोमीटर पडतील. म्हणजे सोळाशे-सतराशे किलोमीटर जास्त, जवळजवळ दोन तासांचं उड्डाण.

पाकिस्तानची हद्द बंद असताना किती वळसा पडतो?

पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली आणि नंतर मुदत महिन्या-महिन्याने वाढवत नेली. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या शेवटापासून १६ जुलैपर्यंत ती बंद होती. वरची रेघ सिंधमधून जाते, तेव्हा ती वापरता येत नाही हे उघडच आहे.

तरीही मुंबईचं नुकसान वाटतं तेवढं नाही. अरबी समुद्रावरून मस्कत, तिथून इस्तंबूल, तिथून न्यूयॉर्क असे तीन तुकडे मोजा: १,५९०, ३,३७० आणि ८,०३०. बेरीज १३,००० च्या आत. इतकं मोठं वळण घेऊनही वाढ साडेचारशे किलोमीटर, म्हणजे साधारण अर्धा तास. महावर्तुळाच्या आसपास राहिलं की वळशाची किंमत कमी असते. खरा फटका दिल्लीला बसतो, कारण तिथून निघालेल्या विमानाला आधी दक्षिणेकडे गुजरातवरून समुद्र गाठावा लागतो. २०२५ मध्ये दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी काही विमानं इंधनासाठी व्हिएन्नाला उतरवली गेली, ती यामुळेच.

आखाती बाजूच बंद झाली तर मात्र मुंबईलाही अडचण. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षात इराणची हद्द बंद झाली, कतारनेही काही तास बंद ठेवली, आणि त्या दिवसांत विमानं वाटेतून परत फिरली. रशियाची गोष्ट वेगळी: २०२२ पासून तिथून जायला अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंदी आहे, भारतीय कंपन्यांना नाही. म्हणून एकाच दिवशी एकाच ठिकाणाहून निघालेल्या दोन कंपन्यांच्या विमानांची वाट वेगळी असू शकते.

सीटसमोरच्या पडद्यावर ‘उरलेलं अंतर’ दिसतं, ते बहुतेक वेळा आहे तिथून सरळ मोजलेलं असतं. विमान वळसा घेत असताना तो आकडा हळू उतरतो. घाबरू नका, विमान रेंगाळत नाही.

किती तास लागतात? येताना कमी का?

थेट विमानाला जाताना साधारण साडेपंधरा ते साडेसोळा तास, येताना चौदाच्या आसपास. बोइंग ७७७ चा वेग शांत हवेत ताशी ९०० किलोमीटरच्या जवळपास असतो, त्या हिशेबाने चौदा तास पुरायला हवेत. पण उत्तर गोलार्धात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांनाच जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना ते समोरून लागतात, येताना पाठीवर. हिवाळ्यात हे वारे जास्त जोरात असतात, म्हणून जानेवारीतला जाण्या-येण्यातला फरक जुलैपेक्षा मोठा असतो.

तिकिटावरचे तास गेट ते गेट असतात. धावपट्टीपर्यंतची रांग आणि उतरल्यावर गेटपर्यंत जाणं त्यात धरलेलं असतं, म्हणून ‘अर्धा तास लवकर पोचलो’ हे अनेकदा ऐकू येतं.

एवढं लांब विमान न थांबता जाऊ शकतं का?

जातं. ७७७-३०० ईआर या विमानाचा पल्ला सुमारे १३,६५० किलोमीटर आणि ७७७-२०० एलआरचा १५,८४० किलोमीटर. पहिल्याच्या टाक्यांत १,८१,००० लिटर इंधन मावतं, म्हणजे साधारण १४५ टन, आणि तासाला सात-आठ टन जळतं. त्याशिवाय पर्यायी विमानतळापर्यंतचं, घिरट्या घालण्याचं आणि वाऱ्याच्या अंदाजात चूक झाली तर लागणारं इंधन कायद्यानेच बाळगावं लागतं. १२,५५० आणि १३,६५० मधला फरक ऐसपैस दिसतो, पण वळसा आणि समोरचा वारा एकत्र आले की तो झपाट्याने संपतो. अशा दिवशी कंपनी माल कमी चढवते, काही सीटा रिकाम्या ठेवते किंवा मध्ये इंधनासाठी उतरते. थेट सेवा हंगामाप्रमाणे सुरू-बंद होत असतात, तेव्हा गेल्या वर्षी शेजारी थेट गेले होते यावर विसंबू नका.

लंडन किंवा दुबईत विमान बदललं तर अंतर किती वाढतं?

फार नाही. मुंबई-हीथ्रो ७,२१० आणि हीथ्रो-जेएफके ५,५५० मिळून १२,७६०, म्हणजे थेटपेक्षा फक्त दोनशेच्या वर काही. मुंबई-दुबई १,९३० आणि दुबई-जेएफके ११,०२० मिळून १२,९५०, म्हणजे चारशे जास्त. वेळ अंतरामुळे जात नाही, थांब्यात जातो. वयस्कर माणसांसाठी आमचं मत: दुबईसारखा छोटा पहिला टप्पा आणि मग चौदा तासांचा दुसरा, यापेक्षा लंडन किंवा फ्रँकफर्टला जवळजवळ अर्ध्यावर थांबणं पायांना बरं पडतं. दोन तासांपेक्षा कमी थांब्याचं तिकीट मात्र घेऊ नये, सुरक्षातपासणी पुन्हा होते आणि व्हीलचेअर यायला वेळ लागतो. युरोपात विमान बदलताना भारतीय पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर बऱ्याच ठिकाणी सूट मिळते, पण तिकिटाआधी त्या देशाचा नियम वाचाच.

मोपा किंवा चिपीहून न्यूयॉर्क किती लांब?

मोपाहून सुमारे १२,९३०, सिंधुदुर्गातल्या चिपीहून १२,८८० किलोमीटर. मुंबईपेक्षा ३३० ते ३८० जास्त. आता मोपा-मुंबई हवाई अंतर ३८५ किलोमीटर, त्यात १२,५५० मिळवा: १२,९३५. म्हणजे मुंबई न्यूयॉर्कच्या वाटेवरच पडते, तिथे विमान बदलण्यात अंतर वाया जात नाही.

थेट विमान का नाही, याची दोन वेगळी उत्तरं आहेत. चिपीची धावपट्टी २,५०० मीटरची, इंधनाने भरलेलं ७७७ तिथून उठणार नाही. मोपाची ३,५०० मीटरची आहे, तिथे अडचण धावपट्टीची नसून रोजच्या प्रवाशांची आहे.

मोपाहून जाताना दोन वेगळी तिकिटं काढायची चूक फार लोक करतात. देशांतर्गत विमानात साधारण १५ किलो सामान चालतं, अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा २३-२३ किलोच्या दोन बॅगा. वेगळी तिकिटं असली की मोपाच्या काउंटरवरच जास्तीच्या तीस किलोंचे पैसे भरावे लागतात, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याची जबाबदारी कोणी घेत नाही. सगळं एकाच तिकिटावर घ्या.

नवी मुंबई विमानतळावरून काय फरक पडतो?

अंतरात वीस किलोमीटर. पण उलव्याचा विमानतळ (कोड एनएमआय) सहारपासून रस्त्याने पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आहे आणि मुंबईच्या रहदारीत दीड-दोन तास सहज जातात. मोपाहून नवी मुंबईला उतरायचं आणि सहारहून उडायचं, असं तिकीट स्वस्त दिसतं म्हणून घेऊ नका. तिकिटावर ‘मुंबई’ लिहिलेलं असलं तरी खालचा तीन अक्षरी कोड वाचा.

गावापासून सहारपर्यंतचं अंतर कसं धरायचं?

किलोमीटर न धरता तासांत धरायचं. मुंबईपासून रस्त्याने चिपळूण अडीचशेच्या आसपास, रत्नागिरी साडेतीनशेच्या आत, सावंतवाडी पाचशे. विमान हे पाचशे किलोमीटर पाऊण तासात कापतं, महामार्ग क्रमांक ६६ वर दहा-बारा तासही जातात.

रेल्वेने येणाऱ्यांनी सहारसाठी ठाण्याला उतरून टॅक्सी करावी. दादरला उतरून भुयारी मेट्रोने थेट टर्मिनल दोनला जाता येतं, पण २३ किलोच्या दोन बॅगा घेऊन ते एकट्याचं काम नाही. नवी मुंबईहून उड्डाण असेल तर पनवेल.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, दरड आली तर सगळंच थांबतं. जून ते ऑक्टोबर आदल्या दिवशी मुंबईत पोचून मुक्काम करणं शहाणपणाचं. गणपतीनंतरच्या परतीच्या गर्दीत तर गाडीचं आरक्षण आधी आणि विमानाचं नंतर, असा क्रम ठेवा. विमानतळावर तीन तास आधी, काउंटर उड्डाणाच्या तास-सव्वा तास आधी बंद होतो.

रात्री दीडला निघून सकाळी साडेसातलाच कसं पोचतो?

भारत आणि न्यूयॉर्कच्या घड्याळांत हिवाळ्यात साडेदहा तासांचा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. मुंबईहून रात्री १:३० ला निघून तिथे हिवाळ्यात सकाळी ७:३० ला पोचलात, तर घड्याळाने सहा तास आणि फरकाचे साडेदहा मिळून प्रवास साडेसोळा तासांचा. येताना उलट: सोमवारी दुपारी १२ ला निघून चौदा तासांनी मुंबईत मंगळवारची दुपार, १२:३०. न्यायला येणाऱ्यांना तारीख सांगताना इथेच घोळ होतो.

नेवार्कचं तिकीट स्वस्त आहे. ते जास्त लांब आहे का?

मुंबईहून फक्त पंधराएक किलोमीटर जास्त. मुलगा एडिसनला किंवा जर्सी सिटीला असेल तर नेवार्कच घ्या. जेएफकेहून जर्सीला जायला अख्खं न्यूयॉर्क ओलांडावं लागतं.

हापूस एवढ्या अंतरात टिकतो का?

टिकतो. कडक, न पिकलेल्या आंब्याला दोन दिवसांत काही होत नाही. पण बॅगेतून ताजा आंबा अमेरिकेत नेता येत नाही, कस्टम्सवाले काढून घेतात आणि लपवला तर दंड वेगळा. तिथे दुकानात मिळणारा हापूस विकिरण करून हवाई मालाने जातो, २००७ पासून अशी परवानगी आहे. आंबापोळी नेता येते, मात्र फॉर्मवर किंवा विचारल्यावर खाद्यपदार्थ आहेत असं सांगायचं.

जहाजावर चढायला ह्यूस्टनला जायचं आहे. ते न्यूयॉर्कपेक्षा किती पुढे?

मुंबईहून सरळ १४,४३० किलोमीटर, म्हणजे न्यूयॉर्कपेक्षा सुमारे १,९०० जास्त. सॅन फ्रान्सिस्को अमेरिकेच्या पार पलीकडच्या किनाऱ्यावर असूनही १३,५०० च्या आसपास, ह्यूस्टनपेक्षा जवळ, कारण दोन्हींची सरळ रेघ ७५ अंश अक्षांशाच्याही वरून जाते आणि सॅन फ्रान्सिस्को मुळात उत्तरेला आहे. ह्यूस्टनला जाताना एखाद-दुसरा थांबा येतोच. एजंटने तिकीट पाठवलं की अमेरिकेतला पहिला विमानतळ कोणता ते बघा. इमिग्रेशन बहुधा तिथेच होतं, बॅगाही तिथेच घेऊन पुन्हा द्याव्या लागतात, आणि जहाजाचं पत्र, सीडीसी (खलाशाचं नोंदणी-पुस्तक) आणि व्हिसा तिथेच दाखवावे लागतात. ही कागदपत्रं हातातल्या पिशवीत ठेवा, खाली जाणाऱ्या बॅगेत नको. त्या पहिल्या विमानतळावर किमान तीन तासांचा थांबा मागून घ्या.